तिसऱ्या मजल्याची वायर

मुलीने वायर उपटली तेव्हा तिचा बाप तिसऱ्या मजल्यावर श्वासाच्या मशीनवर होता.

हॉस्पिटलच्या तळघरात तिची खोली आहे. बाहेर लोक घामाने भिजोत की थंडीने कुडकुडोत, त्या खोलीत बारा महिने एसी चालू असतो. लोखंडी कपाटं, कपाटांत काळे डबे, डब्यांवर बारीक दिवे आणि त्यांतून निघालेले वायरींचे जुडगे. मुलगी एका कपाटापुढे उकिडवी बसून एकेक वायर ओढून काढत होती, शेतात तण उपटतात तशी. मी इंजेक्शनची चिठ्ठी हातात धरून दारात उभी होते. औषधाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला होता, "माताजी, सिस्टम बंद है, दवाई नहीं निकलेगी." सिस्टम म्हणजे माझी मुलगी, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी खाली आले.

हॉस्पिटलचे मोठे साहेब माझ्याआधीच येऊन तिच्या डोक्याशी उभे होते. टाय सैल झालेला, कपाळ ओलं.

"मैडम, बाकी सब काट दीजिए. आईसीयू छोड़ दीजिए. ऊपर आपके फादर हैं."

मुलीने वर बघितलंसुद्धा नाही. "सर, छोड़-छोड़ के ही तो ये दिन आया है."

"अगं, तुझा बाप आहे वर," मी म्हणाले.

"माहीत आहे, आई."

"मग?"

"मशीन बंद पडणार नाही. ते विजेवर चालतं, माझ्या वायरवर नाही. पण सिस्टरच्या टेबलावरचा मोठा पडदा काळा होईल. एका जागी बसून सगळ्या खाटा दिसतात ना, त्या दिसणार नाहीत. तू वर जा. बाबांच्या डोक्याशी छोटा पडदा आहे, त्यावर निळा आकडा असतो. तो नव्वदच्या खाली गेला की ओरड. लाजू नकोस."

"मी कधी लाजले?"

ती हसली नाही. शेवटची वायर पिवळी होती, तिसऱ्या मजल्याची. तिच्यावर हात ठेवून ती क्षणभर थांबली, मग ओढली. टक् असा आवाज झाला. नखं कापताना होतो तेवढाच.

साहेबांनी माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, मागे "दे दो" लिहून सही ठोकली आणि परत दिली. इंजेक्शन मिळालं. ते घेऊन मी वर गेले. लिफ्टपुढे गर्दी होती, म्हणून जिन्याने.

मुलीचं काम काय, असं कुणी विचारलं तर मी चौकीदारी म्हणून सांगते. लोकांना वाटतं मी थट्टा करते. पण तसंच आहे. हॉस्पिटलातले सगळे कंप्युटर, मशीनं, फोन एकमेकांना वायरींनी जोडलेले. त्या वायरींतून कोण येतं, कोण जातं, ओळखीचा की चोर, हे ती बघत बसते. वीस वर्षं होऊन गेली, ती हेच करते आहे. आधी दुसऱ्यांच्या ऑफिसात करायची, आता ह्या हॉस्पिटलात. चोर आला नाही तर कुणाला तिचं नाव माहीत नसतं. आला की सगळ्यांना माहीत होतं.

मी चौथी शिकले. मराठी वाचते, हिंदी पाट्या वाचते, आकडे येतात. नवरा सरकारी गाडीवर ड्रायव्हर होता. त्याची सगळी नोकरी दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरात गेली. शेजारी कधी बंगाली, कधी तमिळ, कधी आपल्याकडचे. बदली झाली की निघून जायचे, आम्ही तिथेच. मुलगी तिथेच वाढली, हिंदीतून शिकली, घरात मराठी बोलली. नवरा रिटायर झाला, क्वार्टर सुटलं, तेव्हा आम्ही तिच्याकडे गाझियाबादला आलो. जावई पुण्यात असतो. त्याची गोष्ट इथे नाही.

घरी आलो तर हॉलमध्ये टीव्ही होता आणि टीव्हीवर हिरवे चौकोन. नुसते चौकोन. प्रत्येक चौकोन म्हणजे हॉस्पिटलातलं एकेक यंत्र. ठीक असेल तर हिरवा, बिनसलं तर लाल. नवऱ्याला बातम्या बघायच्या असायच्या.

"तुझ्या लेकीने घरात शेत लावलंय," तो मला म्हणायचा. "पीक काय यायचंय कोण जाणे."

"बाबा, तुमच्या बातम्यांपेक्षा बरं पीक आहे," ती आतून ओरडायची.

ती आंघोळीला गेली की मला सांगून जायची, लाल दिसला की हाक मार. मी भाजी निवडत बघायचे. सुरुवातीला लाल दिसला की मी हातातली भाजी टाकून उठायचे. मी हाक मारायचे, ती ओल्या केसांनी बाहेर यायची, बघायची आणि म्हणायची, "हे असंच असतं, आई. कुणीतरी प्रिंटर बंद केला." पुढच्या वेळी, "कुणीतरी पासवर्ड विसरला." त्याच्या पुढच्या वेळी, "एक्स-रे." मग मी हाक मारणं सोडून दिलं. लाल यायचा, जायचा. तिचा फोन वेगळा वाजायचा. जेवताना, देवापुढे, भांडताना, सारखा. टुंग. टुंग. रोज मरे त्याला कोण रडे. हे मी तिला एकदा म्हणाले. ती म्हणाली, "हेच आमच्या धंद्याचं दुखणं आहे." पुढे जेवत राहिली.

त्यातला एक्स-रे हा वेगळा प्रकार होता. एक्स-रेच्या खोलीत जुनं मशीन आहे. ते बनवणाऱ्या कंपनीचा माणूस लांबूनच, स्वतःच्या शहरात बसून, वायरीतून आत शिरायचा आणि ते तपासायचा. बाहेरचा माणूस आत आला की मुलीचा चौकोन लाल व्हायचा, आणि तो व्हायलाच हवा होता. ती म्हणायची, हा दरवाजा बंद करा, त्याला यायचं असेल तर आधी विचारून येऊ दे. साहेब म्हणायचे, मशीन बंद राहिलं तर पेशंट कुठे पाठवू? कंपनीवाला म्हणायचा, आम्हाला अडवलंत तर मशीन बिघडल्यावर आम्ही जबाबदार नाही. हे भांडण खूप दिवस चाललं. मग ती दमली. दमलेलं माणूस भांडण जिंकत नाही. तिने पडद्याला सांगून टाकलं की ह्या एकासाठी लाल होऊ नकोस. त्या दिवशी घरी येऊन चहा पिताना म्हणाली, "आज एक खिडकी उघडी ठेवून आले."

"मग लाव."

"लावता येत नाही ना, आई."

दिवाळीनंतर इथे धूर येतो. दुपारीसुद्धा समोरची बिल्डिंग दिसत नाही. नवऱ्याच्या छातीत आधीच विड्यांचा साठा होता, त्यात हा धूर. एका सकाळी त्याचे ओठ निळे दिसले. मुलीच्याच हॉस्पिटलात नेलं. आईसीयूत घातलं, नाकातोंडावर घट्ट मास्क लावला आणि मशीन त्याच्या छातीत हवा ढकलायला लागलं.

आईसीयूबाहेर बसायचा नियम असा की फोन हातात ठेवायचा. आतून फोन आला की लगेच उचलायचा. औषध आणा, सही करा, डॉक्टर बोलवतात. मुलीच्या फोनवर तर दिवसभर टुंग टुंग. त्या गदारोळात आतला फोन चुकायचा. एकदा चुकलाच. सिस्टरने तिला माझ्यासमोर झापलं, "मैडम, आप तो यहीं की स्टाफ हैं, आप भी नहीं उठाएँगी?" तेव्हा तिने ऑफिसचे सगळे आवाज बंद केले. फक्त आईसीयूचा नंबर वाजेल असं केलं. तिच्या हाताखालचा माणूस बघून घेणार होता. पण नोव्हेंबरात दिल्लीत घरोघर लग्नं असतात. त्याच्या बहिणीचं लग्न होतं आणि तो मंडपात होता. मी बघतो फोनवर, असं तो म्हणाला होता. वरातीतल्या बँडपुढे कुणाला टुंग ऐकू येतं?

त्या सकाळी ती माझ्याशेजारी स्टीलच्या खुर्चीवर बसून पराठा खात होती. फोन मांडीवर, गप्प.

"किती शांत वाटतंय गं, आई," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"खा. थंड होतोय."

पराठा अर्धा होता तेव्हा लॅबमधली बाई पळत आली. "मैडम, सब कंप्यूटर पे कुछ लिखा आ रहा है. फाइल नहीं खुल रही." मुलगी उठली. खांदे पाडून उठली, दचकून नाही. मला तेव्हा कळलं की ह्याची वाट ती बरीच वर्षं बघत होती. फोन बघितला आणि म्हणाली, "चोर खिडकीतूनच आले."

चोरांचा धंदा असा असतो, हे तिने मला नंतर समजावलं. आत शिरायचं, सापडेल त्याला कुलूप घालायचं आणि किल्लीसाठी खंडणी मागायची. कुलपं एका कंप्युटरवरून दुसऱ्यावर वायरींतून पसरतात. वायर तोडली नाही तर सगळ्या मजल्यांवर जातात. तोडली तर सगळं हॉस्पिटल आंधळं होतं. तिला ह्यातलं एक निवडायचं होतं आणि बाप वर होता.

मी इंजेक्शन घेऊन वर पोचले तेव्हा आईसीयूचं दार सताड उघडं होतं. एरवी तिथे डोकावलं तरी गार्ड हाकलतो. आज केरळची मोठी सिस्टर दारात उभी राहून स्वतःच बोलवत होती, "सब अटेंडेंट अंदर आओ. एक बेड पे एक आदमी. चप्पल बाहर. रोना नहीं." तिच्या मागे टेबलावरचा मोठा पडदा काळा पडला होता. सिस्टर थोड्या, खाटा जास्त.

मी इंजेक्शन तिच्या हातात दिलं आणि नवऱ्याच्या डोक्याशी उभी राहिले. निळा आकडा त्र्याण्णव.

शेजारच्या खाटेवर पानिपतचा माणूस होता. चादरी विणायच्या कारखान्यात काम करायचा, त्याच्या छातीतही धागे आणि धूळ. त्याची बायको माझ्याहून लहान, पण वाळलेली. बाहेरच्या खुर्च्यांवर आमची ओळख झाली होती. ती मला बहण म्हणायची.

"बहण, तेरे आळे का के सै?" तुझ्या माणसाचा आकडा किती, असं ती विचारत होती.

"त्र्याण्णव. तिरानबे. तेरे का?"

"पिचानबे." पंच्याण्णव. तिचा चेहरा जरा उजळला. "म्हारा आगे सै."

"होने दे आगे," मी म्हणाले. "इसको तो हमेशा पीछे रहने की आदत है."

आत सगळंच वाजत असतं. एका मशीनचं टीं टीं, दुसऱ्याचं टुं टुं, तिसऱ्याचं काहीतरी. पानिपतवाल्याचं मशीन सारखं ओरडायचं. सिस्टर यायची, त्याच्या बोटाला लावलेला चिमटा नीट करायची, बटण दाबून गप्प करायची आणि सांगायची, "ये ढीला है, ऐसे ही बजता है. तुम नीला नंबर देखो." हे ऐकून मला घरचे चौकोन आठवले. तिथेही हेच आणि इथेही हेच. बोलून काय उपयोग होता? तिला माझ्यासारख्या कितीतरी जणींना उत्तरं द्यायची होती.

उभं राहून माझे पाय सुजले. नवऱ्याने मध्येच डोळे उघडले. मास्कच्या आतून त्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा.

"काय बघतेस?"

"तुमचा आकडा."

"किती?"

"त्र्याण्णव."

"एवढे मार्क जन्मात पडले नव्हते," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

जेवणाच्या वेळेनंतर आकडा उतरायला लागला. एक्याण्णव. एकोणनव्वद. मी ओरडले. "सिस्टर!" कुणी आलं नाही. शहाऐंशी. मी अशी ओरडले की गार्ड आत आला. मग सिस्टर आली. मास्क एका बाजूने सरकून हवा निसटत होती. तिने पट्टा आवळला, नळीत साचलेलं पाणी काढलं. आकडा चढायला बराच वेळ लागला. मी त्या वेळात देवाचं नाव घेतलं नाही. मी फक्त आकडा वाचत होते. नव्वद आल्यावर मी भिंतीला टेकले.

"अम्मा, गला अच्छा है तुम्हारा," सिस्टर म्हणाली आणि पळाली.

मग पानिपतवाल्याचं मशीन ओरडायला लागलं. तेच, तोच आवाज. त्याच्या बायकोने निळा आकडा बघितला. पंच्याण्णव. मीही बघितला. पंच्याण्णवच होता.

"यो तो तड़के का न्यूए बाज रया सै," ती म्हणाली. सकाळपासून असंच वाजतंय. तिने सिस्टरसारखा त्याच्या बोटाचा चिमटा दाबून बघितला.

आम्हाला निळ्या आकड्याचं सांगितलं होतं. त्याच्यावर एक हिरवी रेघ असते, हृदयाची, तिचं कुणी काही सांगितलं नव्हतं. ती रेघ वेडीवाकडी झाली होती. ती कशी दिसायला हवी हेच आम्हाला ठाऊक नव्हतं, तर बिघडली हे कसं कळणार? सिस्टर दुसऱ्या खाटेकडे जाता जाता थबकली, त्या पडद्याकडे बघून काहीतरी ओरडली आणि सगळे धावले. आम्हाला बाहेर काढलं. त्याची छाती दाबली, झटके दिले. हृदय परत चालू झालं. पण त्यानंतर तो शुद्धीवर आला नाही.

त्याच्या रक्ताचा रिपोर्ट सकाळीच तयार होता. एरवी तो पडद्यावर आपोआप येतो आणि गडबड असली तर लाल अक्षरात येतो. त्या दिवशी वॉर्डबॉयच्या हातात कागद दिला होता. तो आधी दुसऱ्या मजल्यावर गेला, तिथे कुणीतरी ठेवून घेतला, मग वर आला. त्यात लिहिलं होतं की रक्तातला कुठलासा क्षार फार वाढलाय, हृदय बंद पडू शकतं. कागद आला तेव्हा ते पडून झालं होतं.

अंधार पडायच्या आधी मुलगी वर आली. हातांवर काळे ओरखडे, केसांत धूळ. बापाच्या पायांशी उभी राहून तिने आधी आकडा बघितला आणि मग बापाकडे.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"तू?"

दोघीही जेवलो नव्हतो. तिने मला तिथल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः आकडा बघत उभी राहिली. शेजारच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. तिने विचारलं नाही, मी सांगितलं. रिपोर्टचंही सांगितलं. लपवून काय करायचं होतं? उद्या कुणीतरी सांगणारच होतं. ती ऐकत राहिली आणि आकड्यावरून नजर हलवली नाही.

पुढे बरेच दिवस हॉस्पिटल कागदावर चाललं. खंडणी दिली नाही. तिने सगळ्याची एक नक्कल कुठल्याच वायरीला न जोडता कपाटात ठेवलेली होती, त्यावरून एकेक विभाग परत उभा केला. मोठ्या साहेबांच्या खोलीत चौकशी बसली. फोन मीच बंद केला होता आणि एक्स-रेचा लालही मीच बंद केला होता, असं तिने कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं. साहेब खाली मान घालून बसले होते, कारण तो लाल कुणी बंद करायला लावला हे त्यांना माहीत होतं. तिला काढलं नाही. दुसरं कोण ते काम करणार होतं? एक्स-रेची खिडकी आता बंद आहे. कंपनीवाला आधी फोन करतो, मग येतो.

नवऱ्याला घरी आणलं. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. तो आता टीव्हीवर बातम्या बघतो. चौकोन मुलीने आपल्या खोलीत नेले. बातम्या संपल्या की तो मला विचारतो, "शेत कसं आहे?" मी म्हणते, हिरवं आहे. मी बघायला जात नाही.

एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी डॉक्टरीणबाईंना विचारलं," ती म्हणाली. "रिपोर्ट वेळेवर आला असता तर पानिपतवाला वाचला असता का."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, किडन्या आधीच गेल्या होत्या. म्हणाल्या, सांगता येत नाही."

"आणि तू वायर काढली नसतीस तर?"

"तर कुलूप तिसऱ्या मजल्यावरही गेलं असतं. मग पेशंटची आधीची माहितीही उघडली नसती, कागदावर काय लिहायचं हे कुणाला कळलं नसतं."

"मग झालं तर."

"झालं काय, आई? तिला हे कुणी सांगितलं का?"

मी भाकरी उलटली. पानिपतच्या बाईला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिच्या नवऱ्याचं प्रेत न्यायला गाडी आली तेव्हा मी तिच्याबरोबर गेटपर्यंत गेले होते. ती म्हणाली, "पिचानबे तो था बहण, तन्ने भी देख्या था." मी म्हणाले, हो, मीही बघितलं होतं. ती गाडीत बसली. तिला माझ्या मुलीचं काम काय, हे माहीत नव्हतं. मीही बोलले नाही, आणि बोलले असते तर तिचा माणूस उठून बसणार नव्हता.

"सांगू का जाऊन?" मुलीने विचारलं.

"सांगायचं असेल तर जा. बरं वाटावं म्हणून जाऊ नकोस."

ती गेली. रविवारी पानिपतला गेली आणि दिवस मावळताना परत आली. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि एवढंच विचारलं की तुझा बाप कसा आहे. मुलीने सांगितलं, जिवंत आहे.

त्या दिवशी आईसीयूत जे होते त्यांतला पानिपतचा माणूस त्याच आठवड्यात गेला. बाकीचे जगले. त्यांत माझा नवरा आहे.